ओकिमोतोच्या झोपेसाठी बंद केलेली गाडी

सादाकाने इसामु या गृहस्थाने आयुष्यात कुणाची झोप मोडली नाही. आमच्या चढावरच्या गल्लीत कुणालाही विचारा. नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचायची नोकरी केली, जन्मभर लोकांच्या अंगणातली लोखंडी झाकणं उचलली, पण झाकण खाली ठेवल्याचा आवाज कुणाच्या कानावर आला नाही. शिंक आली तर ती उशीत. बायकोशी वाजलं तर टीव्ही लावून, आणि टीव्हीसुद्धा बेताचा. समोरच्या मुकाईबाई म्हणतात, हा माणूस गेला तरी चार दिवस आपल्याला पत्ता लागायचा नाही, आणि लागला की उशीर झाल्याबद्दल माफी तोच मागेल.

अशा माणसाला हौस असावी ती रोटरी इंजिनच्या गाडीची. म्हणजे मांजराने ढोल पाळावा तसलं काहीतरी.

चढाच्या पायथ्याशी समुद्राच्या कडेने मोटारींचा कारखाना पसरला आहे आणि निम्मी गल्ली तिथेच राबून म्हातारी झाली. त्यामुळे हे इंजिन आमच्याकडे भाजीवालीलाही पाठ असतं. त्यात वरखाली करणारे दट्टे नसतात. भाताच्या मुटक्यासारखा तिकोनी लोखंडी गोळा पोटात गरगर फिरतो. फिरतो फार गोड, पण त्याचा एक हट्ट असतो. गार गाडी चालू केलीत ना, मग ती चांगली तापेपर्यंत बंद करायची नाही. गार असताना ते इंजिन अधाशासारखं पेट्रोल पितं. मध्येच बंद केलं की ते पेट्रोल पोटात साचून राहतं, ठिणगी पाडणारे प्लग भिजतात, मुटक्याच्या कोपऱ्यांवरचा तेलाचा हात धुऊन जातो आणि मग इंजिन दाबच धरत नाही. गाडी बुडाली, असं म्हणतो आम्ही. रस्ता कोरडा ठणठणीत असतो आणि गाडी बुडालेली असते.

इसामुला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. आपली निळी गाडी तो दर रविवारी सकाळी दहानंतरच काढायचा, तीही न थांबता थेट पूल ओलांडून लांब न्यायचा आणि तापवून आणायचा. गल्लीला त्रास नको आणि गाडीचाही हट्ट पुरा. इतकी वर्षं दोन्ही जमवलं. जमलं नाही ते नेमकं त्या शुक्रवारी.

शुक्रवार सुट्टीचा होता आणि कॅलेंडरवर शुभ दिवसाची खूण होती. दुपारी बारा वाजता ताकेहाराला, जुन्या बाजारातल्या एका जेवणघरात, इसामुची मुलगी कानाए हिच्या लग्नाची बोलणी पक्की व्हायची होती. कानाएचं वय एकोणचाळीस. मुलगा, कुनिहिरो योशिहितो, तिच्याहून पाच वर्षांनी लहान. मुलाचे वडील, कुनिहिरोसाहेब, तर होकार खिशात घेऊनच फिरत होते, कारण होणाऱ्या व्याह्यांकडे रोटरी गाडी आहे हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. ‘गाडी घेऊनच या, मला तिचा आवाज ऐकायचाय,’ असा निरोप त्यांनी दोनदा धाडला होता. घोडं अडलं होतं आईपाशी. तोकिएबाईंनी उभी हयात रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे काढलेली. त्यांनी मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, मुलगी मोठी आहे ते मी समजून घेईन, पण माणसं कशी आहेत ते बघितल्याशिवाय मान हलवणार नाही. आणि माणूस कसा आहे हे त्या घड्याळाकडे बघून ठरवतात, हे योशिहितोने कानाएला आणि कानाएने घरात सांगून ठेवलं होतं.

त्यामुळे इसामुने आदल्या दिवशी गाडी धुतली, पुसली, पुन्हा पुसली. आणि पुसायला चहूबाजूंनी जागा हवी म्हणून आपल्या जागेतून जराशी पुढे काढून ठेवली.

शुक्रवार आमच्याकडे ओल्या कचऱ्याचा दिवस. पिशव्या ठेवायची जागा इसामुच्या घराला लागूनच आहे. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून त्यांच्यावर जाळी पसरायची, ती पाळी त्या आठवड्यात मुकाईबाईंची होती. पहाटे इसामुने खिडकीतून बघितलं तर गाडीचं नाक जाळीच्या जागेवर वीतभर आलेलं. कुणी काही बोललं नव्हतं. कुणी बोलणारही नव्हतं. पण वयस्क बाईला जाळी वाकडी पसरावी लागेल, आणि कचऱ्याच्या ट्रकवाल्यांना वळसा पडेल, ही कल्पनाच त्याला सहन झाली नाही. पायजम्यावरच तो खाली आला, गाडीत बसला, चालू केली आणि मागे घेतली. चार पावलांचं काम.

त्याच वेळी ओकिमोतोची सायकल चढ चढून आली.

ओकिमोतो शेजारच्या घरात एकटा राहतो. कारखान्यात रंगखात्यात आहे, त्या आठवड्यात रात्रपाळीला होता. सायकल लावून, मान तुकवून तो आत गेला, आणि दोन मिनिटांनी बरोबर इसामुच्या गाडीवर उघडणाऱ्या खिडकीचा पडदा ओढला गेला.

इसामु गाडीत बसलेला. इंजिन गार, म्हणून जोरात गुरगुरतंय. खिडकीमागे रात्रभर उभं राहून आलेला माणूस पाठ टेकतोय. हात किल्लीवर गेला. ‘करू नकोस,’ असं त्याचं डोकं म्हणालं, आणि ते म्हणून होईपर्यंत हाताने किल्ली फिरवलेली होती.

गल्ली शांत झाली. इसामु तसाच बसून राहिला. 

लगेच पुन्हा चालू करून बघता आली असती. पण पडदा आत्ताच ओढलेला.

तो वर आला आणि जेवायच्या टेबलाशी बसला. फुमिएने, म्हणजे बायकोने, पुढे सूप ठेवलं, भात ठेवला.

“घास का चिवडताय?” ती म्हणाली.

“नाही. खातोय की.”

“मघाशी गाडीचा आवाज आला.”

“थोडी मागे घेतली.”

“बंद नाही ना केलीत लगेच?”

आता बघा, चाळीस वर्षं रोटरीवाल्या माणसाबरोबर संसार केलेली बाई. इसामुने सुपाची वाटी तोंडाला लावली आणि ती रिकामी झाल्यावरही बराच वेळ खाली ठेवली नाही.

“अहो.”

“ओकिमोतो-सान नुकतेच आले होते गं.”

 फुमिएने फक्त रेल्वेचं वेळापत्रक कुठे आहे ते बघायला सुरुवात केली. इसामुच्या मते ती चिडली असती तर बरं झालं असतं.

निघायची वेळ होईपर्यंत तो तीनदा खिडकीशी गेला. गाडी बाहेरून नवरीसारखी दिसत होती. कदाचित काही झालं नसेल, तो स्वतःला सांगत होता, सगळ्याच वेळी बुडते असं नाही. आणि लगेच दुसरा विचार, बुडाली असेल तर प्रत्येक मिनिटाला प्लग आणखी भिजतायत. खाली जाऊन किल्ली फिरवायची म्हणजे ओकिमोतो जागा होणार. न फिरवायची म्हणजे ही टोचणी. त्याने सूट चढवला, टाय बांधला, टाय आखूड झाला म्हणून पुन्हा बांधला, मग लांब झाला.

नऊ वाजून गेले तेव्हा सगळी बाहेर आली. फुमिए किमोनोत, कानाए फिक्या हिरव्या पोशाखात, हातात मिठाईचा खोका. मुकाईबाई जाळीची घडी घालून उभ्या होत्या. घडी केव्हाच घालून झालेली, उभ्या मात्र होत्या.

“काय दिसतेय पोरगी,” मुकाईबाई म्हणाल्या. “सादाकाने-सान, तुम्हीपण बरे दिसताय. टाय तेवढा जेवून आलाय वाटतं.”

इसामुने किल्ली फिरवली.

साध्या गाडीचं इंजिन चालू होत नसलं तर कण्हतं, कुंथतं, अडखळतं. बुडालेली रोटरी तसं करत नाही. ती भराभर फिरते, एका सुरात, कशालाही न अडकता, रिकाम्या भांड्यात चमचा फिरवावा तशी. तो आवाज ऐकला आणि इसामुने किल्ली सोडली. पुन्हा फिरवली. तोच आवाज. पेट्रोलचा पेडल जमिनीपर्यंत दाबून फिरवली, तसं केलं की नवं पेट्रोल येत नाही आणि जुनं वाऱ्याने निघून जातं म्हणतात. निघून काही गेलं नाही. वास मात्र आला.

“बुडाली,” मुकाईबाई म्हणाल्या. “लगेच बंद केलीत वाटतं?”

इसामुने वर पडद्याकडे बघितलं आणि हात किल्लीवरून काढून मांडीवर ठेवले.

“बाबा, पुन्हा करा ना,” कानाए म्हणाली.

“आवाज फार होतोय.”

“मग होऊ दे.”

“आधी सांगून येतो सगळ्यांना.”

आमच्याकडे घरात सुतारकाम काढायचं असलं तरी आधी आजूबाजूला जाऊन सांगायची रीत आहे. छोटंसं काही हातात द्यायचं, त्रासाबद्दल माफी मागायची, मग हातोडा उचलायचा. चांगली रीत आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण मुलीची बोलणी दीड-दोन तासांच्या अंतरावर वाट बघत असताना हा गृहस्थ कपाटातले कोरे टॉवेल काढून दारोदार निघाला. वरच्या तिन्ही घरांत गेला, खालच्या दोन घरांत गेला, प्रत्येक उंबऱ्यावर कमरेत वाकला. शेवटचा टॉवेल मुकाईबाईंना.

“आता थोडा आवाज होईल, माफ करा.”

“अहो, मी तुमच्यासमोरच तर उभी आहे,” मुकाईबाई टॉवेल घेत म्हणाल्या. “आणि वाजलंय कुठे काही? वाजलं असतं तर तुम्ही आत्ता ताकेहाराच्या वाटेवर असता.”

तेवढ्यात फुमिए वेळापत्रक घेऊन आली. “आत्ता निघालो तर गाडी मिळेल. आगगाडी म्हणतेय मी. पुढची एक तासाने आहे, तिने गेलो तर बारा टळले.”

“त्यांनी सांगितलंय गाडी घेऊनच या.”

“त्यांनी. त्यांच्या बायकोने नाही सांगितलेलं.”

 चढ उतरून स्टेशन गाठायचं, किमोनोत, धावत. आणि तिथे पोचून म्हणायचं काय, गाडी चालू झाली नाही? ज्या माणसाला फक्त तिचा आवाज ऐकायचाय त्याला? “दहा मिनिटं दे,” इसामु म्हणाला. फुमिएने त्याच्याकडे बघितलं, मग खाली स्टेशनकडे बघितलं. आगगाडी समुद्राकाठाने वळून जाताना आमच्या गल्लीतून दिसते. ती दिसली. गेली. 

आता प्लग काढण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्याने कोट काढून गाडीच्या आरशाला अडकवला, सूट खराब होऊ नये म्हणून फुमिएचा स्वयंपाकाचा एप्रन बांधला. फुलाफुलांचा. पुठ्ठा अंथरून तो पुढच्या चाकाशी आडवा झाला. पेट्रोल वर चढवणाऱ्या पंपाचा फ्यूज आधी काढून ठेवला होता, नाहीतर एका हाताने उपसायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं असं झालं असतं. प्लग चार. वरचे दोन वेगळे, खालचे दोन वेगळे, अदलाबदल झाली तर संपलं. पाना दोनदा नाकावर पडला. एकेक प्लग त्याने बाहेर दिला आणि कानाएने मिठाईच्या खोक्यावरच्या कागदावर ओळीने मांडला. चारही काळे, ओले, पेट्रोलने निथळणारे.

“द्या इकडे,” फुमिए म्हणाली. बाह्या खोचून ती आत गेली आणि मासे भाजायच्या जाळीवर चारही प्लग ठेवून खाली गॅस बारीक केला. घरभर पेट्रोलचा वास. मुकाईबाई दारातून डोकावल्या.

“मीठ लावलंत का?” त्यांनी विचारलं.

फुमिएला हसू आलं नाही. हे मुकाईबाई स्वतः कबूल करतात, म्हणजे परिस्थिती काय होती बघा.

प्लग वाळत होते. आता उघड्या भोकांनी इंजिन फिरवून पोटातलं पेट्रोल बाहेर उडवायचं होतं. इसामुने मन घट्ट करून किल्ली फिरवली. दोन गिरक्या झाल्या, फसफस करत थोडा फवारा आला, आणि बॅटरीने मान टाकली. नुसतं टकटक. मग तेही नाही.

बॅटरीला दुसऱ्या गाडीचा जोर द्यायला हवा होता. सुट्टीचा दिवस, गल्लीतल्या गाड्या सकाळीच मुलाबाळांना घेऊन बाहेर पडलेल्या. एकच उरली होती, पांढरी छोटी. ओकिमोतोची.

इसामु तिच्याकडे बघत उभा राहिला. एप्रनवर तेलाचा डाग, हात कोपरापर्यंत काळे.

“बाबा, त्यांना उठवा,” कानाए म्हणाली.

“रात्रभर उभे होते ते.”

“बाबा.”

“उन्हात ठेवली तर बॅटरी थोडी सावरते कधीकधी. आपण ढकलून खालच्या वळणापर्यंत नेली, तर तिथे—”

“बाबा, त्यांची झोप मोठी की माझं लग्न?”

हे ती ओरडून म्हणाली नाही. त्या घरात कुणी ओरडत नाही. हळूच म्हणाली. मग तिने फोन काढला आणि नंबर लावला. इसामुला वाटलं योशिहितोला लावतेय.

“मी कानाए बोलतेय, तोकिए-सान,” ती म्हणाली. इसामुने गाडीच्या टपाला धरलं. “आम्हाला उशीर होणार आहे. किती ते सांगता येत नाही. बाबांनी सकाळी गाडी थोडी मागे घेतली आणि लगेच बंद केली, त्यामुळे बुडाली... नाही, त्यांना माहीत होतं. शेजारी रात्रपाळीहून येऊन झोपत होते म्हणून केली.”

पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं. कानाए ‘हो’ म्हणाली, पुन्हा ‘हो’ म्हणाली, फोन हातात असताना वाकून नमस्कार केला आणि बंद केला.

“काय म्हणाल्या?” फुमिएने विचारलं.

“कोण झोपलं होतं ते विचारलं. सांगितलं. मग म्हणाल्या, बरं, आम्ही बाराला बसतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

‘आम्ही बाराला बसतो.’ इसामुने ते वाक्य मनात चारही बाजूंनी फिरवून बघितलं. कुठूनही धरलं तरी हाताला टोचत होतं. तिकीट खिडकीचं दार खाली सरकवताना माणूस असंच बोलत असणार. कानाए खोक्याच्या कागदाची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. तिच्या पोशाखाच्या बाहीला प्लगचा काळा डाग लागला होता आणि तिला तो दिसला नव्हता. इसामुला दिसला.

तो चालायला लागला. ओकिमोतोचं दार दहा पावलांवर. त्या दारावरची घंटा त्याने एवढ्या वर्षांत कधी वाजवली नव्हती. परडीतले मासे द्यायचे असले तरी तो ते दाराला अडकवून जायचा. बोट घंटेपर्यंत गेलं आणि थांबलं. मागे मुकाईबाई, फुमिए, कानाए, तिघी बघत होत्या. बोट मागे आलं. त्याने ते एप्रनला पुसलं, जसं काही घंटा खराब होईल. मग डोळे मिटून दाबली.

घंटा वाजून संपायच्या आत दार उघडलं.

ओकिमोतो आत उभा होता. अंगात पँट, वर जाकीट, पायात बूट, खांद्यावर बॅटरी जोडायच्या लाल-काळ्या तारा आणि हातात तेलाचा छोटा डबा. डोळे लाल.

“माफ करा,” इसामु वाकून म्हणाला. “मी तुमची झोप—”

“नाही, माफी मी मागायला हवी,” ओकिमोतोही वाकला. “झोपलोच नाही. सकाळी तुम्ही बंद केलीत तेव्हाच कळलं, आता बुडाली. माझ्याकडेही होती एके काळी.”

“मग तेव्हाच यायचं होतंत,” मुकाईबाई मागून म्हणाल्या.

“आलो असतो तर यांना कळलं असतं की मी जागा झालो. यांना किती वाईट वाटलं असतं.” ओकिमोतोने मान खाली घातली. “बूट घालून मघापासून इथेच उभा आहे. म्हटलं, बोलावतील तेव्हा जाऊ.”

मुकाईबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “तुम्ही दोघं मिळून एक दिवस गल्ली बुडवणार आहात,” त्या म्हणाल्या, “आणि बुडताना एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करणार.”

पण ऐकायला थांबलं होतं कोण. पांढरी गाडी निळीच्या नाकाला नाक लावून उभी राहिली. तारा जोडल्या. उघड्या भोकांतून इंजिन फिरवलं तेव्हा पेट्रोलचा असा फवारा उडाला की ओकिमोतोचं जाकीट पुढून भिजलं. ते थांबेपर्यंत फिरवलं. मग प्रत्येक भोकात तेलाची जराशी धार सोडली, मुटक्याच्या कोपऱ्यांना परत ओल यावी म्हणून. फुमिएने फडक्यात धरून गरम प्लग आणले. वरचे वर, खालचे खाली. इसामु पुटपुटत होता आणि ओकिमोतो तेच पुन्हा म्हणत होता, पूजेतल्यासारखं. फ्यूज जागेवर बसवला.

इसामु आत बसला. किल्ली फिरवली. रिकाम्या भांड्यातला चमचा, तोच. फिरवत राहिला. कानाएने डोळे मिटले.

“सोडू नका,” ओकिमोतो खिडकीतून म्हणाला. “काही झालं तरी सोडू नका.”

एकदा खोकला आला. मग काही नाही. मग दोन खोकले. आणि मग बंदुकीसारखा बार होऊन गाडी पेटली, म्हणजे चालू झाली, पण बघणाऱ्याला पेटलीच वाटावी. मागून पांढरा धूर निघाला तो मुकाईबाईंच्या उन्हात घातलेल्या गाद्यांवरून वरच्या तिन्ही घरांपर्यंत पसरला. खिडक्या उघडल्या. टॉवेल मिळालेली सगळी माणसं बाहेर आली. आणि आमचा इसामु, फुलाफुलांचा एप्रन बांधलेला, पेडलवर पाय घट्ट रोवून बसलेला, कारण आता पाय उचलला तर सगळंच गेलं. पाय दाबलेला, इंजिन किंचाळतंय, आणि हा काचेतून एकेका शेजाऱ्याकडे बघून मान वाकवतोय. वरच्या घराला, खालच्या घराला, परत वरच्या. जेवढी मान खाली जाई तेवढा पाय दाबला जाई आणि तेवढी गाडी आणखी ओरडे.

“जा आता,” मुकाईबाई खोकत म्हणाल्या. “माफी संध्याकाळी मागा.”

पुढची हकिकत फुमिएने मुकाईबाईंना सांगितली, म्हणजे सगळ्यांना सांगितली.

 रस्ताभर लाल दिवा लागला की इसामु पेडल दाबून धरायचा, गाडी बंद पडते की काय म्हणून. किनाऱ्याच्या रस्त्यावर बारा वाजले. फुमिएने घड्याळ बाहीत ओढून घेतलं. ताकेहाराच्या जुन्या बाजारात पोचले तेव्हा एक वाजायला आला होता. जेवणघराच्या दाराशी कुनिहिरोसाहेब रस्त्यावरच उभे होते, मान तिरकी करून, आवाज ऐकून, गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आधीच हसत. तोकिएबाई कुठे दिसत नव्हत्या.

फुमिए आणि कानाए उतरल्या, वाकल्या, आत गेल्या. इसामु उतरला नाही.

गाडी आता तापलेली होती, बंद करायला हरकत नव्हती, हे त्याच्या डोक्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. सकाळी याच हाताने किल्ली फिरवली होती. आता पुन्हा फिरवली आणि नंतर चालू झाली नाही तर? बायको, मुलगी, परगाव, ज्यांच्यासमोर आधीच नाक कापलं गेलंय ती माणसं. कुनिहिरोसाहेब दोनदा येऊन ‘चला’ म्हणाले, हा दोनदा ‘आलोच’ म्हणाला. अरुंद बाजार, इंजिनाची गुरगुर भिंतींवर आपटतेय, दुकानदार वळून बघतायत. इसामुला मरणप्राय लाज वाटत होती आणि किल्लीवर हात जात नव्हता.

जेवणघराचं दार सरकलं. राखी किमोनोतल्या बाई बाहेर आल्या, ताठ, कुठेही न बघता थेट गाडीपाशी. तोकिएबाई. त्यांनी खिडकीच्या काचेवर एक बोट वाजवलं. इसामुने काच खाली केली आणि बसल्या जागी स्टिअरिंगला कपाळ टेकेल इतका वाकला.

“उशीर झाला. अक्षम्य आहे. मुलीचा काही दोष नाही, सगळं माझ्यामुळे—”

“ते तिने सांगितलं,” तोकिएबाई म्हणाल्या. त्यांची नजर त्याच्या पोटावर गेली. एप्रन अजून बांधलेलाच होता. इसामुचा चेहरा कानापर्यंत तापला. “आत यायचं नाहीये का?”

“यायचंय. पण बंद केली आणि परत चालू नाही झाली तर...”

तोकिएबाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. तिकीट हातात घेऊन तारीख तपासावी तसं.

“नाही झाली तर राहाल आमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “व्याह्यांना एक रात्र गाद्या घालता येत नाहीत असं आमचं घर नाही. सूप गार होतंय.”

आणि त्या वळून आत गेल्या.

‘व्याह्यांना.’ इसामुने शब्द नीट ऐकला होता की नाही याची खात्री करायला कुणी जवळ नव्हतं. कुनिहिरोसाहेब दाराशी उभे राहून बायकोच्या पाठमोऱ्या आकृतीकडे तोंड उघडं टाकून बघत होते, त्यावरून त्याने ओळखलं की नीट ऐकला.

त्याने एप्रन सोडला, घडी घालून सीटवर ठेवला आणि किल्ली फिरवली.

निळी गाडी त्या दिवशी परत आली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चालूच झाली नाही, की त्याने चालू करूनच बघितली नाही, यावर गल्लीत अजून दोन तट आहेत. इसामुला विचारलं तर तो नुसता मान वाकवतो.